बुडालेल्या पुस्तकाची उंची

मुलचेरा
४ नोव्हेंबर २०२४

प्रिय श्रीहरीभाऊजी यांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

इकडे आमी सारे बरे आहोत. माझे गुडघे तेवढे कुरकुर करून राह्यले, पण मी त्याइचं ऐकत नाई. तुमचा पुतण्या अश्विन म्हणते, काकाले फोन करना, पत्र काऊन लिहतेस? फोनवर बोललेलं हवेत जाते, न् इथी टावर लागते तोवर चुलीवरचा भात करपते. म्हणून पत्रच.

तुमच्या खोलीत आता पाय ठेवाले जागा आहे का नाई? मागच्या खेपेले आली तं खाटेखालीही पुस्तकं, न् पुस्तकं म्हणजे काय तं दुसऱ्या पुस्तकांच्या याद्या! कुठी कोणतं पुस्तक छापलं, कोणत्या साली, किती पानाचं. लग्नाले न जाता लग्नपत्रिका गोळा करणारा माणूस मी सत्तर वर्सांत एकच पाह्यला, तो माहाच दीर निघाला. आता मात्र तुमच्या या नादाचं काम पडलं.

परवा एटापल्लीहून एक पोरगी आली. दिव्यानी गोटा नाव. तिकडं आश्रमशाळेत मास्तरीन आहे. तुमचे दादा, म्हणजे आमचे हे, एटापल्लीले गुरुजी होते तवा ज्यांच्यासंग रानोमाळ फिरून माडिया शब्द लिहून घेत, त्या जंगू गोटांची ती नात. जंगूभाऊ गेले २०११ मंदी. त्यायची बायको सुकरी अजून आहे, पण डोळ्यात मोतीबिंदू. दिव्यानीले दादांचं ते 'रानातले माडिया शब्द' पुस्तक पाह्यजे. शाळेतल्या लेकराइले आता झाडाइची, पाखराइची नावंही येत नाई म्हणते, त्याइच्यासाठी पाह्यजे. न् दुसरं असं, का दादांनी जंगूभाऊले सांगतलं होतं, पुस्तकात तुह्यं नाव टाकीन. आजीले ते नाव पाह्यचं आहे, डोळे पुरते जायच्या अगुदर.

ती पाच वाचनालयं हिंडली. कुठीच नाई. मी तिले म्हटलं, माह्या दिरापाशी साऱ्या महाराष्ट्राच्या सूच्या आहेत, ते काढतील शोधून. तं भाऊजी, मान राखा माह्या शब्दाचा. पुरात सारं बुडालं म्हणता, पण एखादी प्रत कुठी उरली असन, तेवढं सांगा.

जेवण वेळेवर घ्या. माया आहेच, ती वाढवत राहा.

तुमची वहिनी,
अंजनाबाई


चंद्रपूर
१३ नोव्हेंबर २०२४

आदरणीय वहिनींस,
सविनय जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं. गुडघ्यांना मोहाच्या तेलानं चोळत जा, आणि अश्विनला सांगा की काकाला मोबाइल कानाला लावला की समोरचा बुडबुड्यातून बोलल्यासारखा ऐकू येतो.

लग्नपत्रिकांवरून हसलात, हसा. गेल्या महिन्यात वरोऱ्याकडचं एक जुनं वाचनालय बंद पडलं. लोकांनी कादंबऱ्या उचलल्या. मी उचलली त्यांची शंभरेक वर्षांपूर्वी छापलेली पुस्तकांची यादी. त्या यादीतली निम्मी पुस्तकं वाळवीनं कधीच फस्त केली, यादी मात्र शाबूत. वाचताना कळतं की त्या काळच्या वरोऱ्याचा माणूस घोड्यांच्या औषधांवरचं पुस्तक दोनदा विकत घेत होता आणि व्याकरणाचं एकदाही नाही. पुस्तक मेलं तरी नोंद राहते, वहिनी. म्हणून मला याद्या आवडतात. ग्रंथालयात तीस वर्षं नोकरी केली, हाताखाली आलेल्या पोरांना एकच शिकवलं: प्रत हातात घेतल्याशिवाय नोंद करायची नाही. पानं मोजायची, पट्टी लावून उंची घ्यायची, मगच कार्ड लिहायचं.

दादांच्या पुस्तकाचं तुम्हाला माहीतच आहे. छापून झालेला गठ्ठा १९८६च्या पुरात छापखान्यात बुडाला. एकही प्रत वाचली नाही. त्या मुलीला म्हणावं, उगाच वणवण करू नको. आजीबाईंना माझा जयभीम सांगा.

थंडी पडते आहे, सांभाळा. पत्र आलं की घर भरल्यासारखं वाटतं, तेवढं येऊ द्या.

आपला,
श्रीहरी


मुलचेरा
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय श्रीहरीभाऊजी यांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

दिव्यानी काल पुन्हा आली. मी तिले तुमचं पत्र वाचून दाखवलं. पोरगी ऐकून घेते न् मग आपलंच म्हणते, अशी आहे. तिनं एका छापील सूचीच्या पानाचा फोटो काढून आणला होता. १९९२ची सूची. त्यात असं आहे: दुर्गे, इतवारी. रानातले माडिया शब्द. चंद्रपूर, १९८६. पृ. ११२. १८ सेंमी. न् बारीक अक्षरात, चंद्रपूरहून १९८९ साली आलेल्या कार्डावरून.

तुमच्या दादांचं नाव छापलेलं पाहून मी रडली बाई खरंच. मंग चष्मा पुसला न् पुन्हा वाचलं. न् मंग मले तुमच्याच पत्रातला नियम आठवला.

भाऊजी, पूर आला ८६ले. कार्ड लिवलं ८९ले. प्रत हातात असल्याशिवाय कोणी कार्ड लिहत नाई म्हणता. मंग बुडालेल्या पुस्तकाची उंची तीन वर्सांनी कोणी मोजली? अठरा सेंटीमीटर! अंदाजपंचे कोणी अठरा म्हणते का? कोणाच्या तरी हातात प्रत होती. म्हणजे ती आहे!

तुमी सांगतलं बुडालं, म्हणून मी घरात त्याचं नाव काढाचं सोडलं. पण शोधाचं सोडलं नोतं. नागपूरच्या पुस्तकप्रदर्शनात आठवते? प्रत्येक दुकानापाशी थांबून मी विचारत होती न् तुमी बाजूले उभे होते, थैली धरून. मले वेडी समजत असाल. असो. आता सापडते. चंद्रपूरहून कार्ड कोणी धाडलं, ते तुमच्याशिवाय कोणाले माहीत असन? मले एकदा ते हातात घ्याचं आहे, भाऊजी. बाकी काई मागत नाई.

उलट टपाली लिवा. तुमच्यावर भरोसा आहे, तो असाच राहू द्या.

तुमची वहिनी,
अंजनाबाई


चंद्रपूर
३ डिसेंबर २०२४

आदरणीय वहिनींस,
सविनय जयभीम. वि. वि.

हे पत्र चारदा लिहून फाडलं. आता फाडणार नाही.

ते कार्ड मी लिहिलं. प्रत माझ्या हातात नव्हती. ती कोणाच्याच हातात कधी नव्हती. पुस्तक छापलंच गेलं नाही.

दादांनी वही माझ्याकडे दिली होती, मी ती पठाणपुऱ्यातल्या छापखान्यात नेऊन दिली. जुलैत दादांचं पत्र आलं, की छापखाना खोलगट जागी आहे, छपाईला वेळ असेल तर पावसाळाभर वही घरी आणून ठेव. छापखाना घरापासून दहा मिनिटांवर. उद्या आणतो, परवा आणतो, असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी इरई नदीचं पाणी आत शिरलं. पाणी ओसरल्यावर गेलो तेव्हा वही हातात आली, पण तिचा लगदा झाला होता. शाईचं एक अक्षर उरलं नव्हतं. दुसरी नक्कल नव्हती.

सप्टेंबरात दादा तापानं फणफणले. मी एटापल्लीला आलो होतो, तुम्ही भाताची पेज करत होता. दादांनी विचारलं, पुस्तक झालं का रे? मी म्हणालो, छापून झालं. त्यांचा चेहरा असा काही उजळला, वहिनी, की पुढं खरं बोलायची हिंमतच राहिली नाही. ते गेल्यावर तुम्हाला सांगितलं की छापलेला गठ्ठा बुडाला. एक खोटं झाकायला दुसरं.

तीन वर्षांनी सूची करणाऱ्यांकडून कोरी कार्डं आली. एक संध्याकाळभर त्या कार्डांकडे पाहत बसलो. दादांचं नाव कुठंच राहणार नाही, हे सहन होईना. लिहून टाकलं. पानं आणि उंची लिहिली नसती तर कोणी छापलं नसतं, म्हणून तीही लिहिली. वहीची पानं एकशे बारा होती. उंची मनची.

मग ती नोंद पसरत गेली. एका सूचीवरून दुसऱ्या सूचीनं उचलली, दुसरीवरून तिसरीनं. नवी सूची निघाली की मी ती मिळवायचो आणि आधी 'द' उघडायचो. दरवेळी तेच. पृ. ११२, १८ सेंमी. लोक म्हणाले, श्रीहरीला छंद लागला. पुढं खरंच लागला, ते वेगळं. पण सुरुवात अशी आहे. माझंच खोटं कुठवर पोचलं, ते पाहत मी ही चारशे पुस्तकं जमवली.

नागपूरला थैली धरून उभा होतो. तुम्ही वेड्या नव्हता. मी नीच होतो.

लोभ असावा, असं लिहिणार नाही. जे वाटेल ते लिहा, फक्त लिहा.

आपला,
श्रीहरी


मुलचेरा
११ डिसेंबर २०२४

श्रीहरीभाऊजी,
जयभीम.

पत्र वाचलं. दोन दिवस खाटेवरून उठली नाई. अश्विनले वाटलं, मले लकवा मारला.

वही बुडाली, त्याचा राग नाई. पाणी कोणाचं ऐकते? दादाइले खोटं सांगतलं, तेही समजू शकते, मरणाच्या खाटेवर माणूस काय बोलन! पण अडतीस वर्सं मले शोधू देल्लं. माह्या संग बाजारात येत होते, माह्या हातचं जेवत होते, न् मी शोधते हे डोळ्यानं पाहत होते. हे मी कशात घालू, सांगा.

मले काई समजावू नका. एक काम करा. सुकरीबाई अजून त्या नावाची वाट पाहून राह्यली. मी दिव्यानीले काई सांगतलं नाई, न् सांगणारही नाई. पत्र धाडाचं नाई, फोन कराचा नाई. एटापल्लीची बस धरा, त्या म्हातारीच्या समोर बसा, न् आपल्या तोंडानं सांगा. मंग मले लिवा. तोवर माह्याकडून उत्तर येणार नाई.

स्वेटर घेऊन जा. तिकडं थंडी लय आहे.

अंजनाबाई


एटापल्ली
२२ डिसेंबर २०२४

आदरणीय वहिनींस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुम्ही सांगितलं तसं केलं. स्वेटरही घातला होता.

निघण्याआधी ज्या तीन सूच्यांत ती नोंद आहे, त्या काढणाऱ्यांना पत्रं टाकली, की ही नोंद खोटी आहे, ती मी पाठवली होती, काढून टाका. खाली सही केली. मग बस धरली.

सुकरीबाई अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. दिव्यानीनं मला बाज टाकून दिली, पण मी खालीच बसलो. मी सांगत गेलो, दिव्यानी माडियात सांगत गेली. मध्येच पोरीनं तेच वाक्य मला पुन्हा म्हणायला लावलं, कारण तिलाही हे तेव्हाच कळत होतं. मग पुन्हा सांगू लागली. सुकरीबाईंचे हात शेंगांवर चालूच होते. सगळं झाल्यावर त्यांनी एकच विचारलं. म्हणजे पुस्तक झालंच नाही? गुरुजींचंही नाव कुठल्या पुस्तकावर छापलं नाही?

मी म्हणालो, नाही.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि रडायला लागल्या. मला वाटलं, नाव पाहायला मिळणार नाही म्हणून. तसं नव्हतं. दिव्यानीलाही ठाऊक नव्हतं ते त्यांनी तेव्हा सांगितलं.

दादांनी आजारपणात जंगूभाऊंना निरोप धाडला होता, की पुस्तक छापून झालं, त्यात तुझं नाव आहे, माझा भाऊ प्रत घेऊन येईल. जंगूभाऊ वाट पाहत राहिले. दादा गेले, प्रत आली नाही. काही वर्षांनी शाळेतल्या कोण्या मास्तरानं त्यांना ती सूची वाचून दाखवली. नाव एकच, दुर्गे, इतवारी. जंगूभाऊ समजायचं ते समजले. गुरुजींनी शब्द नेले, नाव आपलं टाकलं, आणि तोंड दाखवायची लाज म्हणून प्रत दिली नाही. त्यानंतर त्यांनी कोणालाच काही सांगितलं नाही. शहरातून माणसं वही-टेप घेऊन यायची, त्यांना हाकलून द्यायचे. स्वतःच्या नातीलाही झाडांची नावं शिकवली नाहीत. शब्द दिले की लोक चोरतात, म्हणायचे. तसेच गेले.

वहिनी, दादांचं नाव राखायला मी ते कार्ड लिहिलं. त्या घरात त्याच कार्डानं दादा चोर ठरले. सुकरीबाईंना नाव पाहायचं होतं ते कौतुकानं नव्हे. नवरा म्हणत होता ते खरं होतं का, हे मरण्याआधी एकदा बघायचं होतं.

गुरुजींनी फसवलं नाही, असं त्या दोनदा म्हणाल्या. मग डोळे पुसून उठल्या आणि मला चल म्हणाल्या. गावाबाहेर वाटेच्या कडेला त्यांच्या मेलेल्या माणसांचे दगड उभे करतात. जंगूभाऊंचा दगड माझ्या खांद्याएवढा आहे. तिथं नेऊन त्यांनी मला पुढं उभं केलं आणि खूण केली, बोल. दिव्यानी माडियात सांगायला पुढं झाली, तर आजीनं तिचा हात धरून मागं ओढलं. जंगूला मराठी येत होती, म्हणाल्या, म्हणून तर गुरुजींची आणि त्याची दोस्ती. ह्यालाच सांगू दे.

मी हात जोडून सांगितलं. जंगूभाऊ, दादांनी तुमचे शब्द चोरले नाहीत. वहीच्या पहिल्या पानावर तुमचं नाव होतं, मी वाचलं होतं. ते पान मी बुडवलं आणि वर खोटं बोललो. दादा तुमचे दोस्त होते, ते तसेच गेले.

शेवटपर्यंत बोललो. सुकरीबाई दगडाला हात लावून उभ्या होत्या.

माझ्याबद्दल मनात जे उरलं असेल, कमी-जास्त, तेवढं राहू द्या.

आपला दीर,
श्रीहरी