तालमीचा घसा

सोमवार, १० नोव्हेंबर

घसा बसला! तालमीत सगळ्यांनी अभिनंदन केलं. आमच्या नाटक मंडळात घसा बसल्याशिवाय कोणी नट झाला असं मानतच नाहीत. प्रणित — नाटकातला माझा नवरा, एरवी त्याचं मोबाइलचं दुकान आहे — म्हणाला, "आचल, आता तू खरी नटी झाली." दिवाळीनंतर गावात मंडई म्हणजे जत्रा भरते, तिच्या नाटकाला दरवर्षी नायिका वडशाच्या नाटक कंपन्यांतून आणतात. यंदा पहिल्यांदा गावातली, म्हणजे मी! शनिवारी प्रयोग. आवाज फाटक्या भोंग्यासारखा आणि मी हवेत.

नाकही वाहतंय, अंग जरा गरम. धान मळणीची धूळ असेल.

मंगळवार

आई आमच्या गावची आशा सेविका. तिकडे सावली गावात फ्लूची साथ आहे म्हणून घरोघरी विचारत फिरते — ताप आहे का, खोकला आहे का. आणि तिच्याच घरात मी!

"तुले काय होऊन राह्यलं वं?"

"काई नाई. तालमीचा घसा."

कपाळाला हात लावला तिने. मी चुलीसमोरच बसले होते, म्हटलं आच लागली. पटलं तिला. तरी ऐकवलंच — म्हातारी माणसं, दमेकरी, शुगरवाले, पोटुशा बाया यांनी पहिल्याच दिवशी दवाखाना गाठायचा. बाकीच्यांनी घरी पडून राहायचं. दम लागला किंवा तीन दिवसांत ताप उतरला नाही, तर यायचं.

मी मनात हिशेब केला. म्हातारी नाही, दमेकरी नाही, पोटुशी तर नाहीच नाही. म्हणजे मला दवाखाना नाही. आईच्याच नियमाने सुटले! "घरी पडून राहायचं" तेवढं ऐकलं नाही असं केलं.

बुधवार

मंडळात सगळ्यांचेच घसे बसलेत. एका गडव्यातून मिऱ्याचा काढा प्यायलो, नुसता दंगा. डोमाभाऊंचासुद्धा बसला! डोमाभाऊ आमचे प्रॉम्प्टर. सत्तरीला आलेत, दमा आहे, पण एक नाटक चुकवलं नाही. पडद्याआड माझ्या कानाशी उभे राहून सगळं कुजबुजत पुरवतात. ते नसते तर तिसऱ्या अंकात मी मुकीच झाले असते.

"भाऊ, तुमी तर नुसते वाचता. तुमचा काऊन बसला?" प्रणित म्हणाला आणि सगळे लोळून हसलो. मीही.

गुरुवार

साडी आली. जांभळी. जर खोटी आहे, पण लाइटमध्ये कोणाला कळतंय. आरशापुढून हलवत नाही.

शुक्रवार

दुपारी साडी नेसून रंगीत तालीम. तिसऱ्या अंकात डोमाभाऊंनी अर्धंच वाक्य दिलं. मी थांबले. पुढचं येईना. पडद्याआड डोकावले तर दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वरखाली, ओठ निळसर.

"तू... चालू... ठेव."

तेव्हा टाळक्यात उजेड पडला. जो नुसता कुजबुजतो त्याचा घसा तालमीने कसा बसेल? आणि मी खोकायचे ती त्यांच्याच तोंडावर. दमा असेल, थंडी असेल, असं मनाला खूप सांगून पाहिलं. कारण हे बोलले की उद्याची सरिता गेली, हे मला दिसत होतं. सरिता म्हणजे माझं काम. आयुष्यात एवढं कशाचं वेड लागलं नव्हतं.

पदर खोचला आणि तशीच रस्त्याने पळाले.

"आई, डोमाभाऊले दम लागला. अन् मले तालमीचा घसा नाई. सोमवारपासून ताप आहे."

ती ओरडली नाही. आधी अँब्युलन्सला फोन केला. सावलीच्या दवाखान्यात पोचल्याबरोबर ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, आजच आणलं ते बरं केलं. परत येऊन आईने सगळ्या मंडळाला थर्मामीटर लावला. बाकीच्यांचे घसे खरंच तालमीचे निघाले! ताप फक्त मला. मी आता आतल्या खोलीत, तोंडाला मास्क. खूप रडले.

शनिवार

मंडळाचे मुखरूभाऊ सकाळीच दारात. वडशाच्या सगळ्या नट्या आज कुठे ना कुठे बुक. "मैनाबाई, आता कसं करावं?"

आई भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "सरिताचं काम येते मले."

येणारच! महिनाभर चुलीपाशी माझी तालीम तिनेच घेतली. मी एवढी हसले की खोकल्याची उबळ आली. "आई, तो प्रणित तुले प्राणसखे म्हणणार!"

"म्हणू दे. त्याले लहानपणी पोलिओचा डोस मीच पाजला."

साडी मीच इस्त्री करून दिली. मास्क लावून.

रविवार

डोमाभाऊंचा ऑक्सिजन काढला. नर्सच्या फोनवरून त्यांनी पहिलं विचारलं, तिसरा अंक कसा झाला?

कसा झाला ते मी भोंग्यावरून ऐकलं होतं. शिट्ट्या, टाळ्या, बक्षिसांचा पुकारा. नाटक रात्रभर चाललं, आई दुपारी उठली, कानामागे अजून रंग. म्हणाली, पुढच्या शनिवारी पलीकडच्या गावाने नाटक बोलावलंय. मी ताडकन उठून बसले. तोवर मी ठणठणीत! विचारलं, "किती वाजता निघाचं?"

आई आरशात बघत रंग पुसत होती.

"तू नाई वं," ती म्हणाली. "त्यायनं मले बोलावलं."