बाह्यांवरची पूड

६ फेब्रुवारी, शुक्रवार

मावशीने घरटं बांधलंय! मावशी म्हणजे लॅबच्या तळघरात पाळलेल्या आमच्या म्हाताऱ्या उंदरिणींमधली सगळ्यात खाष्ट. पिल्लं व्हायचं वय केव्हाच सरलेलं. तरी कागदाच्या पट्ट्या फाडून, कोपऱ्यात गोल रचून वर ऐटीत बसली होती.

मॅडम खूश. "पेप्टाइड लागू पडतंय!" पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा इवलासा तुकडा. मेंदूला ढोसतो – ऊठ, कामाला लाग! मेंदू मग अंडाशयाला ढोसतो. थांबलेलं चक्र पुन्हा सुरू होतं का, तेच आम्ही बघतोय.

मी हळूच आठवण करून दिली – मॅडम, मावशीला पेप्टाइड देतच नाही आपण. तिला नुसतं सलाइन. तुलनेसाठी ठेवलीय ती.

मॅडम पिंजऱ्याला पाठ करून हात धूत बसल्या.

९ फेब्रुवारी

पेप्टाइडची व्हायल – काचेची इवली कुपी – उघडली की पूड उडते. आधी मशीनमध्ये गरगर फिरवून पूड तळाला बसवायची, मग बूच काढायचं, असा नियम. पण मशीन शेजारच्या खोलीत, आणि तिथे कायम कुणीतरी नंबर लावून उभं. मी आपली एक टिचकी मारते आणि उघडते. आज पुन्हा ॲप्रनच्या बाह्या पांढऱ्या.

ॲप्रन घरी आणायचा नाही, हाही नियमच! पण आईंना – म्हणजे सासूबाईंना – ऑफिसच्या धुलाईवर काडीचा भरवसा नाही. "तुमच्या त्या यंत्राला बाह्यांचा मळ दिसतो का?" म्हणत हाताने खसाखसा घासतात. सत्तरी उलटली, पण मनगटात जोर माझ्या दुप्पट.

१२ फेब्रुवारी

क्लिनिकचा फोन. गोठवलेला गर्भ पुढच्या आठवड्यात पोटात ठेवणार. शेवटचा उरलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यानंतर मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही."

मला मूल हवंय. झालं, लिहून टाकलं. "झालं तर झालं, नाही तर नाही" असं चारचौघांत म्हणून म्हणून जीभ झिजली माझी.

नवरोबा लांब, पुलाच्या कामावर. फोनवर म्हणाला, "टेन्शन घेऊ नकोस." असले सल्ले देणाऱ्यांना एकदा माझं टेन्शन वापरायला द्यायला हवं!

१५ फेब्रुवारी, रविवार

आईंनी कपाट उपसलंय. जुन्या चादरी, टॉवेल – सगळ्याच्या टराटरा पट्ट्या. मागच्या खोलीच्या कोपऱ्यात गोल रचून ठेवल्यात. हे काय, विचारलं तर म्हणतात, "मऊ नको का?"

मी हसले. नातवाची घाई! बाजारात तुरी, दुसरं काय.

मग मावशी आठवली. घरटं अगदी तसंच होतं. कडा उंच, मध्ये खोलगट. हसू कुठल्या कुठे गेलं.

१८ फेब्रुवारी

ठेवला गर्भ. दुखलं नाही. बाहेर येऊन बाकावर बसले तर आईंनी हात हातात घेतला. मला वाटलं, पोटाकडे बघतील. त्या माझ्या तोंडाकडेच बघत होत्या. एकटक.

२१ फेब्रुवारी

आईंना पाळी आली. वीसेक वर्षांनी!! सहज सांगितलं, जसं काही दूधवाला आला. मीच घाबरून डॉक्टरकडे नेलं. त्या वयात रक्त म्हणजे वाईटच काहीतरी, असं धरून चालले होते. तपासलं, फोटो काढले. सगळं स्वच्छ. "आतून बाई तिशीतली वाटते," डॉक्टर म्हणाले आणि स्वतःच चपापले.

पेप्टाइड कातडीतून आत जात नाही. तोंडातून गेलं तर पोटात पचून जातं. हे मला पाठ आहे. तरी सोमवारपासून ॲप्रन घरी आणायचा नाही.

२३ फेब्रुवारी

आणला. एवढंच नाही, घरात अंगावर घालून बसले. बाह्या नाकाला लावल्या. गालांवर घासल्या. त्यांच्यावर चालतं तर माझ्यावर का नाही? मी काय पाप केलंय?

सासूवर जळायची वेळ आली. तीही असल्या बाबतीत! शाबास सूनबाई.

२६ फेब्रुवारी

मावशी कागदाचा बोळा तोंडात धरून घरट्यात नेऊन ठेवते. बाहेर काढला की पुन्हा नेते. आज मी बोळा काढून घेतला. वाटलं, आता कडकडून चावणार. चावली नाही. माझं बोट दातांत अलगद धरलं आणि ओढायला लागली. घरट्याकडे.

हात काढून घ्यायला मला बराच वेळ लागला. का, ते कळत नाही.

२ मार्च

सकाळी आईंच्या गाऊनवर पुढे दोन ओले डाग. "पाणी सांडलं असेल," म्हणाल्या. गाऊन धुवायला घेतला तेव्हा वास घेतला.

दूध.

या पेप्टाइडने दूध येत नाही. कुठेच तसं म्हटलेलं नाही. मॅडमना विचारायला फोन उचलला आणि ठेवून दिला. काय विचारू?

"आई, अहो, हे कुणासाठी?"

"येईल गं. भूक लागली की येतंच."

माझा हात आपोआप पोटावर गेला. म्हणजे राहिलंय! त्यांना कळलंय! जनावरांना कळतं तसं. इतकी भीती वाटत होती, तरी ओट्यापाशी उभी राहून खुळ्यासारखी हसत होते मी.

४ मार्च

निगेटिव्ह.

५ मार्च

कामावर गेले नाही. कालपासून पोटात अन्नाचा कण नाही. नवरा फोनवर रडला. मी नाही रडले.

दुपारी मागच्या खोलीतून आईंनी हाक मारली. त्या पट्ट्यांच्या मधोमध मांडी घालून बसल्या होत्या, गाऊनची वरची बटणं काढून. चेहरा इतका शांत! मी सांगायला लागले, "आई, बाळ नाही राहिलं हो..."

"कोण म्हणतं नाही?" म्हणाल्या. "केव्हाची वाट बघतेय. ये."

गेले. गोड होतं.