वरच्या खोलीपुढचं शून्य

बेंगळूरु, ३ मार्च २०२५

ती. अक्कास शंभूचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पाठवतो आहे, कारण फोनवर तू कानडी ‘सरी, सरी’, बरं बरं म्हणून दोन मिनिटांत विषय मिटवतेस. गेल्या वर्षी छतावर सोलर बसवलं खरं, पण बाहेरची वीज गेली की तेही बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. आपली सून, अभिमन्यूची बायको रक्षिता, घरूनच ऑफिसचं काम करते, मीटिंगच्या मध्येच बिचारीची पंचाईत होते. तेव्हा बॅटरी हवीच.

दुकानदार नागराज दोन प्रकार सांगतो. एक जुनी ॲसिडची, स्वस्त, पण अधूनमधून पाणी घालावं लागतं. दुसरी लिथियमची, महाग, भिंतीवर टांगली की दहा वर्षं बघायला नको म्हणे. केवढी हवी ते ठरवायला त्याने आठवडाभर खोलीवार वीज मोजली. तो कागद सोबत आहे. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंस, आता भावाचं एवढं सोडव. पंधरा तारखेला ऑर्डर द्यायची आहे.

तू आनेकलला जाऊन दोन वर्षं झाली, तरी तुला विचारल्याशिवाय माझ्याने काही ठरत नाही. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात मी मालक, घरी अजून धाकटाच. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा शंभू

आनेकल, ६ मार्च

चि. शंभूस अक्काचे अनेक आशीर्वाद.

पाण्याची बॅटरी तुझ्या घरात नको. तुझ्या हातून कुंडीतल्या कढीपत्त्यालाही वेळेवर पाणी मिळत नाही. लिथियमची घे आणि मोकळा हो.

तुझा कागद मात्र मला अस्वस्थ करून गेला. स्वयंपाकघरात रोज नऊ तास कॉम्प्युटर, आणि वरच्या माझ्या खोलीपुढे शून्य! पंखासुद्धा नाही? नागराजचा मीटर बिघडला असेल असं आधी वाटलं.

शंभू, कधी बोलले नाही ते आता बोलते. ‘आनेकलची हवा मानवते’ म्हणून निघाले, ते खोटं होतं. नुकतीच लग्न होऊन आलेली ती पोर मांडीवर लॅपटॉप घेऊन जिन्यात बसायची, ते मला बघवेना. तिला जागा व्हावी म्हणून खोली सोडली. खरं सांगितलं असतं तर तू मला जाऊ दिलं नसतंस. मग खोली रिकामी का? मला सरळ उत्तर हवं.

माया आहे तशीच आहे, राग वेगळा.

तुझी अक्का

बेंगळूरु, ९ मार्च

ती. आत्यांना रक्षिताचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मामंजींनी माझ्यापुढे ठेवलं, ‘तूच लिही’ म्हणाले आणि कारखान्याला पळाले. मीटर बरोबर आहे, आत्या. त्या खोलीत मी एक दिवसही बसले नाही.

मला वाटायचं, तुम्ही माझ्यामुळेच गेलात. दिवसभर माझ्या मीटिंगा, त्यात माझा आवाज निपाणीच्या बाजारात घडलेला. तुमची दुपारची झोप मोडत असणार. तुम्ही कधी बोलला नाहीत, म्हणून जास्तच लागलं. आपल्यामुळे कुणी घर सोडायचं आणि आपणच तिथे जाऊन खुर्ची मांडायची? पाऊलच उचललं नाही. दर गुरुवारी केर काढते, चादर बदलते आणि दार लावून घेते.

वरच्या खोलीची वायर बॅटरीला जोडायची का, असं नागराज विचारतो. जोडली तर बॅटरी जरा मोठी घ्यावी लागेल, नाही जोडली तर वीज गेल्यावर ती खोली अंधारात. मामंजी नुसतं ‘अक्काला विचार’ म्हणतात. मला मोठीच हवी. पण रिकाम्या खोलीसाठी एवढा खर्च पटत नाही, म्हणून तुम्ही या.

रागावला असाल तर घरी येऊन रागवा.

तुमची रक्षिता

आनेकल, १२ मार्च

चि. सौ. रक्षिता आणि चि. शंभू यांस अनेक आशीर्वाद.

वायर जोडायला सांगा. एक पंखा, दोन दिवे, एक रेडिओ.

दोन वर्षं मी इथे त्यागाची मूर्ती होऊन बसले, आणि तिकडे माझा त्याग दर गुरुवारी चादर बदलून घेत होता! आधी रडले, मग हसले. रक्षिता, तुझ्या आवाजाने माझी झोप कधीच मोडली नाही. मला दुपारी झोप लागतच नाही. डोळे मिटून मी तुझ्या मीटिंगा ऐकत पडायचे. तुझा तो साहेब महामूर्ख आहे, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. आपण दोघी बोललो असतो तर दोन वर्षं वाचली असती, आणि माझ्या वयाला ती स्वल्प नव्हेत.

शंभू, रविवारी टेम्पो पाठव. इथे दुपारी इतकी शांतता असते की मी बेरजा मोठ्याने करते, घरात कुणीतरी बोलावं म्हणून.

पत्रातला लोभ पुरे झाला, आता समोर बसून करा.

शंभूची अक्का, आणि रक्षिताची आत्या
मालन