धाकट्याच्या डेअरीवर बहिष्कार

४ मार्च, सकाळी ७.१०
निर्णय झाला. आजपासून धाकट्याच्या डेअरीतल्या दुधाचा एक थेंबही या घरात येणार नाही.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी फाटे फोडायला नकोत. मी नेहमीप्रमाणे किटली घेऊन सरळ काउंटरच्या आतल्या बाजूला गेलो. सख्खा थोरला भाऊ आहे, गिऱ्हाईक नाही. तर हा सगळ्यांदेखत म्हणतो, "दादा, लाइनीत ये जरा." लाइनीत नऊ माणसं. त्यातल्या एका बाईने वळून माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी पुढे धरली, जणू मी तिचं दूध पळवणार होतो.

ज्याची दहावीची जर्नल्स मी जागून पूर्ण केली, तो मला लाइन दाखवतो.

रिकामी किटली घेऊन परत आलो. हिने विचारलं, दूध कुठाय. मी म्हटलं, भाऊ कुठाय ते विचार. तिला काही कळलं नाही. चहा कोरा.

४ मार्च, संध्याकाळी
फुल क्रीम मिल्क पावडर आणली. किलोची पाच पाकिटं. दुकानदार म्हणाला, आधी एक नेऊन बघा. मी त्याला सांगितलं, की मी शाळेच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं सहायक आहे, द्रावणं करण्यात माझी हयात गेली. त्याने मुकाट्याने पाच दिली.

अंदाज: आठ दिवसांत धाकटा दारात येईल. माफी मागेल. लगेच माफ करायचं नाही. निदान एक चहा होईपर्यंत ताटकळत ठेवायचं. चहा पावडरचा.

५ मार्च, सकाळी
पहिला चहा. पाणी खळखळून उकळलं, त्यात पावडर टाकली, ढवळलं. उत्तम. थोड्या गुठळ्या. मुलगी म्हणाली, पप्पा, चहा चावावा लागतोय. कॉलेजात जायला लागल्यापासून तिला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते. याला दाटपणा म्हणतात, असं तिला समजावलं.

आईने चमच्याने एकेक गुठळी काढली आणि बशीच्या काठावर ओळीने मांडली. बोलली काही नाही. म्हणजे आवडलं.

७ मार्च
शाळेत प्रात्यक्षिक परीक्षेची तयारी. ब्युरेट धुताना विज्ञानाच्या बाईंना सहज सांगितलं, की घरी दुधाचा प्रश्न मी कायमचा सोडवलाय. बाई म्हणाल्या, उकळत्या पाण्यात टाकू नका हो, आधी थोड्या कोमट पाण्यात कालवून घ्या, पाकिटावरच लिहिलेलं असतं. म्हणजे सव्वीस वर्षांनंतर आता मी पाकिटं वाचायची. बाईंना नोकरीत येऊन चार वर्षं झाली. दिवसभर डोकं तापलेलं.

घरी येताना एक बीकर आणि काचेची कांडी आणली. दोष कांडीचाच होता. चमच्याने ढवळणं हे मुळातच अशास्त्रीय.

८ मार्च, सकाळी
कांडीने ढवळलं. गुठळ्या तशाच, पण गोल झाल्या. प्रगती.

९ मार्च
पाचही पाकिटं उघडून एका मोठ्या काचेच्या बरणीत ओतली. सारखी कात्री कोण शोधणार. बरणी शेगडीजवळ ठेवली, म्हणजे कोरडी राहील. हिने म्हटलं, तिथे वाफ लागेल, झाकणही नीट बसत नाहीये. मी म्हटलं, प्रयोगशाळेत कोण काम करतं.

१० मार्च
रोज जेवताना धाकट्याचा विषय काढतोय. आईला कळायला हवं, तिच्या लाडक्याने काय केलं ते. आज तासभर बोललो. जर्नल्सपासून सुरुवात केली, मग त्याच्या दुकानासाठी मी कुठे कुठे खेटे घातले, मग लाइन. टेबलावर हात आपटल्यावर आमटी सांडली. आई ताटात बघत होती. विचार करत असणार. अर्धी पोळी ठेवून उठली.

१२ मार्च, सकाळी ८.३०
आठवा दिवस. बेल वाजली. मी बरोबर ओळखलं. मुलीला दार उघडू दिलं नाही. उभा राहू दे म्हटलं, लाइनीत उभं राहणं म्हणजे काय ते कळू दे. दोनदा वाजली, तीनदा वाजली. मग जिना उतरल्याचा आवाज.

८.५०
गॅस सिलिंडरवाला होता. आता पुढच्या आठवड्यात.

याला जबाबदार कोण? धाकटा.

१४ मार्च
बरणीतल्या पावडरीचा दगड झाला. चमचा आत जात नाही. कंपनीने काय भरलंय देव जाणे. बत्त्याने हलकेच ठोकलं. पावडर शाबूत राहिली, बरणी फुटली.

काच आणि पावडर वेगळी करणं अवघड नाही. सगळं पाण्यात विरघळवायचं, फिल्टर पेपरमधून गाळायचं, काच वर राहते. मी शाळेतून फिल्टर पेपर आणतो म्हटलं. हिने सगळं वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि स्वतः जाऊन कचऱ्याच्या गाडीत टाकून आली. इतकी चिडली, की येताना चप्पल काढायची विसरली. घरात एकट्या मलाच राग आवरता येतो.

१५ मार्च
हिने एकच पाकीट आणलं. घट्ट डब्यात भरलं. वाटीत कोमट पाणी, त्यात पावडर कालवली, मग गरम पाणी वाढवत नेलं. एक गुठळी नाही. चहा फक्कड. आईने कप संपवला आणि अजून अर्धा मागितला. रात्रीच्या जेवणानंतरचं कपभर दूधही प्यायली.

माझ्या पद्धतीला यश आलं. मुलगी हसली. का, ते विचारलं नाही.

जेवताना सगळ्यांना समजावून सांगितलं, की धाकट्याशिवाय आपलं काही अडत नाही. सव्वा तास.

१७ मार्च, संध्याकाळी ६
शाळेतून आलो तर आईची खोली आवरलेली. गादीवर घडी घातलेली चादर. औषधाचा डबा नाही, जपमाळ नाही, चष्म्याचं घर नाही. आई धाकट्याकडे राहायला गेली. मुलीने पोचवलं. थोडे दिवस, असं म्हणाली म्हणे.

हे उघड कारस्थान आहे. म्हाताऱ्या माणसाला ताज्या दुधाची लालूच दाखवायची आणि सख्ख्या भावाच्या घरातून उचलायची. इतका खालच्या पातळीला जाईल असं वाटलं नव्हतं.

ही म्हणाली, त्यांना स्वतःलाच जायचं होतं. हिला आतल्या गोष्टी कळत नाहीत.

२० मार्च
प्रात्यक्षिक परीक्षा. ऍसिडच्या बाटलीवर मी लेबल लावलं, त्यावर "दूध" लिहिलेलं निघालं. अक्षर माझंच. कोणी हात लावायच्या आत बाईंनी पाहिलं, बाटली कपाटात ठेवून कुलूप लावलं. मुलांसमोर काही बोलल्या नाहीत. नंतर बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, दोन दिवस रजा घ्या, मी सांभाळते.

मी शांतच होतो. शांत नसतो तर अक्षर इतकं चांगलं आलं असतं का.

२१ मार्च
रजा. जेवायला तिघंच. धाकट्याचा विषय काढला. मुलगी ताट घेऊन आत गेली. ही जेवत राहिली. ऐकायला कोणी नसलं की मुद्दे तितके सुचत नाहीत.

२५ मार्च
बस झालं. उद्या स्वतः जाऊन आईला घेऊन येणार. भाषण तयार आहे. मुद्दे चार: एक, लाइन. दोन, जर्नल्स. तीन, दुधाची लालूच दाखवून वृद्ध आईला पळवणं. चार, आवरा सामान. आवाज चढवायचा नाही, म्हणजे तिसऱ्या मुद्द्यापर्यंत तरी.

२६ मार्च, संध्याकाळी ७
गेलो होतो.

दार धाकट्यानेच उघडलं. म्हणाला, "अरे ये. बऱ्याच दिवसांत दिसला नाहीस. बरा आहेस ना?"

मी म्हटलं, "बावीस दिवस मी तुझ्याशी बोलत नाहीये."

"हो का?" म्हणाला. "मला वाटलं, तुझी परीक्षेची गडबड असेल."

पहिला मुद्दा काढला. त्याला आठवेना. रोज सकाळी पाऊणशे माणसांना लाइनीत ये म्हणतो, त्यात मीही असेन, असं म्हणाला आणि चुकलं असेल तर राहू दे दादा, म्हणून मला आत नेलं. अशी माफी मी गृहीत धरलीच नव्हती.

आई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून मटार सोलत होती. चेहरा भरल्यासारखा दिसला. धाकट्याच्या बायकोने मला बसा म्हटलं आणि चहाला आधण ठेवलं. मग फळीवरून डबा काढला. वाटीत कोमट पाणी घेतलं आणि डब्यातून दोन चमचे पावडर.

मी विचारलं, हे काय. ती म्हणाली, दुकानातलं दूध दुपारपर्यंत संपतं दादा, घरात गेली सात वर्षं पावडरच वापरतो. आईंनाही रात्री हेच देते.

तिसरा मुद्दा गळला.

चौथा मात्र शिल्लक होता. मी आईजवळ जाऊन बसलो. मग तू इकडे का आलीस, असं विचारलं. आवाज चढवला नव्हता. तिने हातातली शेंग सोलून पूर्ण केली.

"दूध कसलंही चालतं रे मला," ती म्हणाली. "तुझं ऐकून ऐकून घास उतरेनासा झाला होता."

धाकटा खिडकीबाहेर बघायला लागला. त्याच्या बायकोने माझ्यासमोर चहा ठेवला. चांगला होता. मी तसं म्हणालो.

मग आईने मटारांचा वाडगा माझ्याकडे सरकवला. अर्धा तास सोलत बसलो. निघताना ती येते म्हणाली नाही आणि मीही चल म्हणालो नाही.

घरी आल्यावर हिने विचारलं, आई कधी येणार.

मी सांगितलं, तिला तिकडची हवा मानवलीय. चार गल्ल्या पलीकडची.