'एकाकी'ची निर्दोष व्याख्या

२ जून, सोमवार. सकाळ.
नगरपालिकेच्या खरेदीप्रमुखाचा फोन. हा एके काळी पालिकेतच, मसुदे तपासण्याच्या कामात, माझ्या हाताखाली होता. ऱ्हस्व-दीर्घ त्याला मीच शिकवले. म्हणाला, काका, खरेदीत सुधारणा होत आहेत. आजवर पालिका वृद्धांसाठी 'भेटी' विकत घेई. भेटीला आलेला माणूस बेल वाजवी, सही घेई, पळे. बिल मात्र पुरे. यापुढे पालिका भेटी नव्हे, परिणाम विकत घेणार. पैसे आधी एक गुंतवणूकदार घालणार, काम एक संस्था करणार, आणि वृद्धांचा एकाकीपणा खरोखर गेला तरच पालिका ती रक्कम नफ्यासह परत करणार. नाव : सामाजिक परिणाम रोखे. या समासाचा विग्रह तीन प्रकारे होतो, हे मी तत्काळ निदर्शनास आणले. त्याने श्वास घेतला. दीर्घ.

टेंडरची भाषा मी तपासायची आहे. मसुद्यात पहिलेच वाक्य : 'एकाकी व्यक्तींची निवड करण्यात येईल.' कोणाकडून? कर्ता लपवणारे वाक्य भित्रे असते. संकल्प : या टेंडरमध्ये एकही 'करण्यात येईल' उरू देणार नाही.

मुलाला ही वार्ता सांगितली. हो बाबा, म्हणाला आणि बाथरूमचा नळ सोडला. आमचे घर माणसांनी भरलेले आहे, ही ईश्वराची कृपा.

५ जून.
व्याख्या फायनल. 'ज्या ज्येष्ठ व्यक्तीशी जेवण, औषध व बिले हे विषय वगळता घरातील वा बाहेरील कोणीही बोलत नाही, ती व्यक्ती एकाकी होय.' काना-मात्रा इकडची तिकडे करून पाहावी. वाक्य हलत नाही.

शिवाय लबाडीला आळा म्हणून एक अट घातली : 'परिणामाची नोंद झाल्यानंतर संस्थेचा कोणीही माणूस त्या घरी पुन्हा जाणार नाही.' कर्ता ठळक, क्रियापद ठाम.

सुनेला वाचून दाखवले. ती हातातली सुरी थांबवून माझ्याकडे बघतच राहिली. वाक्यरचनेचा प्रभाव. मग म्हणाली, बाबा, गोळी घेतलीत का?

१९ जून.
सर्व्हेवाली मुलगी घरी आली. वाटले, व्याख्येविषयी शंका असतील. पण प्रश्न सुनेला विचारले. सून दबक्या आवाजात बोलत होती. मला ऐकू येते, हे ती सोयीस्करपणे विसरते. म्हणाली, बोलायला जावं तर चुका काढतात हो. ह्यांनी बाबांना मेसेज पाठवला तर तो दुरुस्त होऊन परत येतो. नात तर आजोबांसमोर मानेनंच बोलते.

माझे नाव यादीत. पहिले. नमुन्यादाखल असणार.

खरेदीप्रमुखाकडे हरकत नोंदवली. म्हणाला, काका, व्याख्या तुमचीच आहे. पळवाटच ठेवली नाहीत तुम्ही. प्रशंसा स्वीकारली.

२७ जून, शुक्रवार.
संस्थेने एक निवृत्त मेट्रनबाई पाठवल्या आहेत. देह आडवा, आवाज साऱ्या वॉर्डभर पुरेल असा. दर मंगळवारी आणि शुक्रवारी चारला येणार. दारातच गर्जल्या, मी आली! मी म्हणालो, 'आली' नव्हे, 'आले'. तर म्हणतात, आले? घाला की चहात, कोण नको म्हणतंय!

चहात आले घालावे लागले. पाहुणी बाई, इलाज नव्हता.

संकल्प : महिन्याभरात बाईंची भाषा शुद्ध करणे. त्यांना वाटते त्या मला सुधारायला येतात. राहू दे समजूत.

११ जुलै.
मी पुरता अडकलो आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी शुक्रवार दिला, नाकारावा लागला. मंगळवारी दुपारची झोप नाही, कारण दाढी करावी लागते. मुलगा म्हणाला, बाबा, नको असेल तर बंद करायला सांगू का? त्याला खडसावले. सार्वजनिक पैशाचा प्रश्न आहे.

आज बाईंच्या चुका : 'तुम्ही काय बोलले', 'माझी मदत करा'. ओघात भावे प्रयोगही समजावला. म्हणाल्या, भाव मला नका शिकवू मास्तर, बाजारात मीच जाते. त्या मला मास्तर म्हणतात. मी शिक्षक नव्हतो, हे सांगायचे दर वेळी राहून जाते. सहा केव्हा वाजले, कळले नाही.

८ ऑगस्ट.
महत्त्वाची घटना. पाऊल वाजले म्हणून दाराशी गेलो, तो बाई जिन्यात बहिणीशी फोनवर बोलत होत्या : मी आले गं, जिन्यातच आहे, तू काय म्हणालीस ते रात्री सांग, ठेवते. सर्व रूपे शुद्ध!

दार उघडताच मात्र, मी आली!

निष्कर्ष : माझ्या शिकवणीचा परिणाम झाला आहे, पण माझ्यासमोर दडपणामुळे त्यांची जीभ अडखळते. आणखी काही महिने घ्यावे लागतील.

१ ऑक्टोबर.
शेवटचा सर्व्हे. मुलीने छापील वाक्य सहीसाठी पुढे केले : 'मी आता एकाकी राहिलेलो नाही.' साफ नकार दिला. 'राहिलेलो नाही' म्हटले की, पूर्वी होतो हे सिद्ध होते. मी खोडून लिहू लागलो : 'मी कधीही एकाकी नव्हतो.' तिने थेट खरेदीप्रमुखाला फोन लावला.

तो म्हणाला, काका, नव्हतात तर सुधारणा शून्य. संस्थेला रिझल्ट नाही, मेट्रनबाईंना पुढचं काम नाही.

विचारले, 'अजून आहे' लिहिले तर? तेच, म्हणाला. आणि छापले आहे त्यावर सही केली तर? मग रिझल्ट मिळाला; त्यांना काम मिळेल, पण तुमच्या घरी भेटी बंद. अट आहे ना.

शेवटी नियम समजून घेण्यापुरते विचारले की, त्या पुढेही येत राहतील, असे कोणत्या उत्तराने होते? फोनमध्ये कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाला, काका, तसा कॉलमच नाही. टेंडर तुम्हीच तपासलं होतं.

कागद ठेवून घेतला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार.
बाईंना कागद दाखवला. चष्मा लावून वाचला. म्हणाल्या, सही करून टाका मास्तर, पलीकडच्या गल्लीत दोन म्हाताऱ्या माझी वाट बघतायत. 'राहिलेलो' बरोबर आहे ना हो? मी म्हणालो, व्याकरणदृष्ट्या निर्दोष. मग झालं तर, म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

सही केली.

निघताना दारात म्हणाल्या, येते मी. मराठीत जाणारा माणूस 'येतो' म्हणतो. प्रत्यक्ष येण्याचे बंधन त्याच्यावर नसते. यात चूक काढता आली नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार.
दाढी करण्यात आली. सुनेने विचारले, बाबा, गोळी घेतलीत का? घेण्यात आली, असे सांगण्यात आले. ती गेली.

चार वाजता दोन कप चहा करण्यात आला. त्यात आले घालण्यात आले.

कोणी आले नाही.