परक्याचा बाक

४ जानेवारी, रविवार

बातमी आणायला गेलो, शिकाऊ होऊन आलो.

शाळेच्या हॉलमध्ये धर्म शिकवणाऱ्यांचं प्रशिक्षण. मशिदीच्या मक्तबमधले, मठातले, चर्चच्या रविवारच्या वर्गातले, देवळांतल्या संस्कारवर्गातले, सगळे एका सतरंजीवर. चालवणाऱ्या सुशीलाबाई (पुढं सु. बा.). निवृत्त मुख्याध्यापिका, चर्चमध्ये पोरांना शिकवून आवाजाला धार आलेली. मी दाराशी उभा राहून टिपणं घेत होतो. म्हणाल्या, "देवळात स्तोत्रांचा वर्ग तुम्हीच घेता ना? मग पेन खिशात घाला आन् बसा."

बसलो. पाठशाळेत वाढलेला माणूस, वर पत्रकार. मला कोण काय शिकवणार, असा चेहरा करून बसलो.

बाईंचा नियम एकच, पण खाष्ट. जो पाठ घेईल त्याच्यासमोर बाकावर दुसऱ्या धर्माची माणसं पोरं होऊन बसणार. त्याच्या धर्माच्यांनी मागं बसायचं, तोंड मिटून. का? "आपल्या पोराला निम्मं घरीच आलेलं असतं. मास्तरला वाटतं, म्या शिकवलं. ज्याला कायच माहीत न्हाय त्याला कळलं, तर शिकवलं म्हणा."

आणि पाठ बसवायला जोडीदारही परकाच. माझ्या वाट्याला मक्तबातल्या नसीमाबाई. तिशीच्या. पहिलाच प्रश्न : "गुरुजी, तुमचा वर्ग भरतो का हो?"

भरतो म्हणालो. प्रसाद असतो, हे सांगितलं नाही.

११ जाने., रवि.

माझा पाठ. शांतिमंत्र. स्वर चोख, हात जागच्या जागी, माझे मलाच रोमांच. बाकावर नसीमाबाई आणि अणदूरचे महालिंगप्पा, मठात पोरांना शिकवतात ते. अप्पा मधेच पेंगले. जागे झाले तेव्हा कानडीत काहीतरी पुटपुटले. अर्थ विचारला नाही.

सु. बां.नी विचारलं, काय कळलं? बाकावर शांतता. मंत्राचं फळ म्हणावं तर तसंही नाही.

बाहेर येताना नसीमाबाई हळूच : "राग मानू नका. तुम्ही शिकवीत न्हाय गुरुजी, ऐकवताव."

राग मानला. घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, "लग्नापासून सांगतेय."

१४ जाने., बुध. संक्रांत

नसीमाबाई पाठ बसवायला घरी आल्या. हिनं तिळगूळ दिला, वर दोन सुगडं. तासभर माझ्या मंत्राची चिरफाड. "पहिल्यांदा सांगा की, गुरू आन् चेला दोघं मिळून म्हणत्यात ते. भांडण होऊ नये म्हणून. पोरांना भांडण लगेच कळतं." इतकं साधं. मी ते नेहमी शेवटी सांगतो, म्हणजे वेळ उरला तर.

मग स्वतःचं सांगितलं. मक्तबात लहान पोरं-पोरी एकत्र. पोरी जरा मोठ्या झाल्या की घरी बसतात, शिकणं तिथंच थांबतं. तिला त्यांचा वर्ग काढायचाय, स्वतःच्या ओट्यावर, रमजानच्या आधी. मशीद कमिटीत हाजीसाहेबांचा शब्द चालतो. ते म्हणतात, आधी तुझा पाठ बघतो. वर हेही म्हणतात, की परक्यांकडून शिकून आलेली बाई आपल्या पोरींना काय शिकवणार?

"आन् न्हाय म्हणले तर?"

"तर पोरी घरीच." सुगडं घेऊन गेली.

१८ जाने., रवि.

पाठ पुन्हा. भांडणापासून सुरुवात. अप्पा जागे! वर प्रश्न : "गुरूच भांडकुदळ असला तर?" सगळ्यांनी माझ्याकडं का बघावं कळलं नाही.

उत्तीर्ण. सु. बा. म्हणाल्या, "बरं होतं." हिला सांगितलं. मग शेजाऱ्यांना. मग देवळात. पुजारीबुवा म्हणाले, "मदरशाच्या बाईकडून पास होऊन आलाव म्हनं. आता नमाजाला कधी?" म्हटलं, तुम्ही काकडआरतीला वेळेवर उठायला लागलात, की लगेच.

२५ जाने., रवि.

नसीमाच्या पाठाची तालीम. विषय वजू, नमाजाआधी हातपाय-तोंड धुण्याची रीत. नळाला पाणी नव्हतं, सगळं हवेतच. हात मनगटापर्यंत, चूळ, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, ओला हात डोक्यावरून, शेवटी पाय. मी मन लावून केलं. एक चूक नाही. उलट तिनं विचारायच्या आधीच पुढचं सांगत गेलो.

"गुरुजी, तुम्ही पोरगं हाव आत्ता. पोरानं गप बसावं."

गप बसलो. अवघड आसन आहे हे.

२९ जाने., गुरु.

स्टँडसमोर चहाला हाजीसाहेब. बोलावून बसवलं, चहा सांगितला, मग मुद्दा. "पंडितजी, तुमच्यावर आमचा भरोसा हाय. पर बाकावर आमच्याच पोरी बसू द्या की. चार पोरी आणतो. झकास होईल पाठ."

सु. बा. हो म्हणणार नाहीत हे ठाऊक होतं. तरी नसीमाला फोन केला. खरं तर मलाच वाटत होतं, की हो म्हणावं. पोरी चटचट करून दाखवतील, म्हातारा खूष, वर्ग सुरू. नियमाचं काय, नियम सूत्रासारखे. भाष्यकार हवा तसा अर्थ लावतोच.

नसीमा म्हणाली, "आपल्या पोरींना वजू येतो गुरुजी. मी काय शिकवलं ते त्यांना दिसंल कसं? न्हाय. तुम्हीच बसा."

"आन् मी चुकलो तर?"

"तुम्ही कशाला चुकताव?"

मलाही तेच वाटत होतं.

१ फेब्रु., रवि.

नीट लिहितो, घाई नाही.

हाजीसाहेब वेळेच्या आधी हजर. सोबत घरचा तांब्याचा तोटीचा लोटा, पाण्यानं भरलेला. हॉलच्या नळावर त्यांचा माझ्याइतकाच विश्वास. मागच्या खुर्चीवर बसले. सु. बां.नी त्यांनाही नियम सांगितला : तोंड मिटून. त्यांना असं सांगणारं माणूस बऱ्याच वर्षांत भेटलं नसावं. बसले मिटून.

नसीमा उभी राहिली. सुरुवात पाण्यानं नाही, उकिरड्यानं. खेळून आलेलं पोर आईच्या मांडीवर बसायच्या आधी काय करतं? अप्पा म्हणाले, "मार खातं." हशा. तीही हसली. "आन् मारानंतर हात धुतं ना? मग हे तेच समजा."

मग मला पुढं घेतलं. अप्पांनी लोटा धरला. हात धुतले, ठीक. मग "उजव्या तळव्यात पाणी घ्या, तोंडात घ्या". पाणी तळव्यात आलं. खरं, थंड पाणी. आणि माझी तर्जनी आपोआप वळली, अंगठा आत आला, तळव्याचा गाईच्या कानासारखा गोकर्ण झाला आणि मी पाणी पिऊन टाकलं.

आचमन. मुंजीपासून या तळव्याला दुसरं काही ठाऊकच नाही.

ती म्हणाली, "पुन्हा घ्या." पुन्हा प्यालो! तिसऱ्यांदा शपथ घेऊन तळवा उचलला, आणि तोही घोट आत गेला. मनात 'केशवाय नमः' झालंच.

हॉल हसत होता. मागं हाजीसाहेबांचं तोंड मिटलेलं, पण दाढी हलत होती. रागानं की कशानं, कळेना. माझ्या तीन घोटांत गल्लीतल्या पोरींचा वर्ग बुडाला असं वाटलं.

नसीमा हसली नाही. दटावलंही नाही. हॉल शांत होईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "ही तुमच्या घरची रीत हाय, गुरुजी. तिथं प्यायचं असतं. ती तशीच ऱ्हाऊ द्या. आता माझ्या घरची बघा." स्वतःच्या तळव्यात पाणी घेतलं. बोटं सरळ. तोंडात खळखळवून दाखवलं, पसरट भांड्यात टाकलं. "आत ठेवायचं न्हाय. दिवसभर जे वाकडं बोललो, ते घेऊन बाहेर जातं असं पोरींना सांगते मी."

म्हटलं, "मग मला जास्त पाणी लागेल."

"म्हणून तर हाजीसाहेबांनी मोठा लोटा आणलाय."

चौथ्यांदा जमलं. टाळ्या माझ्यासाठी नव्हत्या, पण मी घेतल्या.

अप्पांनी विचारलं, "नळाला पाणीच आलं न्हाय तर?" हा प्रश्न आमच्या गावातच सुचणार. तिनं सांगितलं : स्वच्छ माती, दोन्ही हात टेकवायचे, तोंडावरून आन् हातांवरून फिरवायचे. अप्पा खूष. "म्हंजे आमची विभूती!"

"न्हाय अप्पा. विभूती तुमची, ही माती आमची. शेजारी हाव आपण, एका घरात न्हाय."

पाठशाळेत भले भले भाष्यकार वाचले. भेद राखून जवळ बसणं इतक्या कमी शब्दांत कुणी सांगितलेलं आठवत नाही. ती माझी जोडीदार आहे, हे शेजारच्या माणसाला सांगितलं. त्याला माहीत होतं.

हाजीसाहेब उठले. लोटा रिकामा झालाय का ते उलटा करून पाहिलं. मला म्हणाले, "पंडितजी, प्यास लागली हुती तर सांगायचं." तिला एवढंच, "शुक्रवारी कमिटीत बसताव आमी." गेले.

२ फेब्रु., सोम.

बातमी पाठवली. संपादकांचा फोन : एकमेकांचे हात हातात घेतलेला फोटो पाठवा, मथळा 'एकात्मतेचे दर्शन'. हा मथळा मी आजवर इतक्यांदा दिलाय की आता त्याचं दर्शन नको वाटतं. म्हटलं, हात ओले होते, कुणी कुणाचे धरले नाहीत. 'शिक्षक पाणी प्याले' असा मथळा त्यांनी सुचवला. फोन ठेवला.

४ फेब्रु., बुध.

देवळातल्या वर्गात आचमन शिकवलं. पहिल्यांदाच, का प्यायचं ते आधी सांगितलं. एका पोरानं विचारलं, "चूळ भरली तर चालतं का?" म्हटलं, दुसऱ्या घरी चालतं. प्रसाद वाटायचा विसरलो. कुणी मागितला नाही.

६ फेब्रु., शुक्र.

नमाज संपली, कमिटी बसली. मी उगाच त्या बाजूला. दूध आणायला, असं हिला सांगितलं. ही म्हणाली, "दूध घरात हाय. पर जा."

बैठकीचे आवाज रस्त्यापर्यंत. कुणीतरी तावातावानं बोलत होतं, कुणीतरी खोकत होतं. हाजीसाहेबांचा आवाज मात्र ऐकू येईना.

नसीमाच्या ओट्यावर पोरी येऊन बसलेल्या. ओढण्या नीट करून, रांगेत. कुणी बोलावलं? "कुणीच न्हाय," नसीमा म्हणाली. "आपल्या आपण आल्या." कडेला हाजीसाहेबांची नात. तिच्या हातात तो तांब्याचा लोटा, भरलेला. घरात विचारून आणला की न विचारता, मी विचारलं नाही. नसीमानंही नाही.

"अजून बसलेत आत," मी म्हणालो.

"ऐकू येतंय."

तिनं लोटा घेतला. "चला. हात पुढं."

मी रस्त्याच्या पलीकडं थांबलो. पोरी सराईत. पण कुणाची तरी धाकटी बहीण रांगेत घुसली होती. तिनं तळवा तोंडाला लावला आणि पाणी गटकन पिऊन टाकलं. पोरी फिदीफिदी हसल्या.

नसीमानं माझ्याकडं बघितलंही नाही.

"असू दे," म्हणाली. "मोठ्यांचंबी होतं. पुन्हा घे."