चौथी सूचना

३ मार्च, रविवार

काम शेवटी माझ्याच गळ्यात पडलं. रिमोटवर चालणारी शिडाची बोट जुन्यात घेणाऱ्या नवख्यांसाठी पानभर सूचना लिहायच्या, तळ्यावरच्या फळ्यावर लावायला. क्लबचे सेक्रेटरी म्हणाले, "तुमच्याइतकं परखड कोण लिहिणार, बाई?" म्हणजे वाईटपणा घ्यायला मी! घेईन. घाबरते की काय?

खिडकीतून वारा फार. वहीवर हिरव्या कापडात शिवलेली दोन वजनं ठेवलीत, पान उडू नये म्हणून. ह्यांनी वाढदिवसाला दिलेली — बारा वर्षं झाली. लग्नापासून ह्यांनी दिलेल्या वस्तूंपैकी रोज उपयोगी पडणारी एवढीच.

४ मार्च

मसुदा झाला.

एक — रंगावर भाळू नका. नवा रंग दिसला तर विचारा, खाली काय झाकलंय.

दोन — रिमोट लावून शीड पूर्ण आवळा, पूर्ण सोडा. दहा वेळा. मोटर कण्हायला लागली तर तुम्हीही तोंड उघडा.

तीन — बोट अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवा. मग वरचं झाकण काढून आत कोरडा कागद फिरवा. विकणारा घाई करत असेल तर तासभर ठेवा.

चार — ही खरी. आपल्या बोटीचं वजन ठरलेलं, चार किलो. कमी चालत नाही, जास्त झालं तर बोट रखडते. म्हणून चांगला कारागीर बोट हलकी बांधतो आणि उरलेलं वजन आत शिशाच्या पट्ट्या चिकटवून भरतो. पुढे लाकूड पाणी पिऊन जड होतं. लबाड माणूस गुपचूप पट्ट्या काढून टाकतो. काट्यावर पुन्हा बरोब्बर चार किलो! तेव्हा नुसतं वजन करू नका. पट्ट्या दाखवा म्हणावं. पट्ट्यांच्या जागी नुसता गोंदाचा डाग दिसला तर नमस्कार करून घरी या.

'लबाड' शब्द ठेवला आहे. मुद्दाम.

५ मार्च

ह्यांनी मसुदा वाचला. दोनदा. मग चष्मा पुसत बसले.

"अगं, चौथी एवढी लांबड कशाला? ती गाळलीस तर काय तळं आटणार आहे?"

म्हटलं, "तुम्ही स्वतः बोटी बांधणारे. तुम्हीच असं म्हणावं?"

"मी आपलं पान छोटं व्हावं म्हणून म्हटलं."

पान छोटं होणार नाही.

७ मार्च

सकाळी दारात कॅप्टन. जन्मात खरं जहाज पाहिलं नाही, पण पंचवीस वर्षं तळ्यावर पांढरी टोपी घालतो, म्हणून कॅप्टन. ह्यांचा जुना दोस्त. सेक्रेटरींनी त्याला मसुदा दाखवला म्हणे.

बसला नाही. म्हणाला, "वहिनी, चौथी सूचना काढा. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

माझ्या भल्यासाठी! माझ्याच उंबऱ्यावर उभं राहून मला धमकी! सांगितलं, "माझं भलं मी बघते. तुम्ही तुमच्या बोटी बघा." सध्या एक विकायला काढलीच आहे त्याने. तीसुद्धा ह्यांच्याच हातची, बारा वर्षांपूर्वी आमच्याकडून नेलेली.

तो असेपर्यंत हे बाथरूममध्ये. आंघोळ आधी झाली होती, तरी पुन्हा गेले!

८ मार्च

सूचना सुवाच्य अक्षरात उतरवून काढल्या. चौथीखाली लाल रेघ.

१० मार्च, रविवार

झालं ते नीट लिहून ठेवते.

पान फळ्यावर लावलं. पहिलंच गिऱ्हाईक आमचा टेलर. दुकान लेकीवर सोपवलंय, आता बोट हवी. कॅप्टनची ती बोट हातात घेऊन शिडाची शिवण कुरवाळत होता. "काय टाके आहेत हो, बाई!"

"कापड पाहून झालं असेल तर आत बघा," मी म्हटलं. काट्यावर ठेवली. चार किलो. झाकण काढलं. पट्ट्या नाहीत! आत गोंदाचे दोन पिवळे डाग. टेलरने सवयीने गळ्यातली टेप आत घातली. "साडेतीन इंच लांब, सव्वा इंच रुंद. दोन्ही सारखे." वर म्हणतो कसा, "पण बाई, लाकूड पाणी प्यायलंय, शर्यतीला नाही, शिकायला बरी पडेल, असं मला त्यांनी आधीच सांगितलंय."

मी ते कानाआड केलं. सगळ्यांसमोर कॅप्टनला विचारलं, "आमच्या घरून गेली तेव्हा पट्ट्या होत्या. कुठे गेल्या?"

तो ह्यांच्याकडे बघत राहिला. हे दोरीची गाठ सोडवत होते.

मग म्हणाला, "मी घेतली तशीच आहे, वहिनी."

"म्हणजे आम्ही लबाड?"

"तसं मी म्हटलं नाही."

"मग लबाड कोण ते उघडच आहे!"

कॅप्टनने टोपी काढली, घडी करून खिशात घातली, बोट उचलली आणि गेला. सेक्रेटरी म्हणाले, फार झालं. मी म्हटलं, मुळीच नाही. पंचवीस वर्षं तळ्यावर आहे म्हणून खोटं खरं होत नाही.

परतताना हे दहा पावलं मागून चालत आले. जेवलेही नाहीत. मी व्यवस्थित जेवले.

११ मार्च, सकाळ

रोजनिशी उघडली, वजनं पानावर ठेवली आणि हात तिथेच थांबला.

हिरवी शिवण उसवली. आत शिसं. टेप लावली. साडेतीन इंच, सव्वा इंच. दोन्ही. एका अंगाला वाळलेला पिवळा गोंद.

बाहेरच्या खोलीत हे पेपर घेऊन बसलेत. पंधरा मिनिटांत पान उलटलेलं नाही.

कॅप्टनच्या घरी निघाले आहे, पट्ट्या घेऊन. ह्यांनाही चपला घालायला सांगितल्या. तिथून दोघं तळ्यावर जाऊ — काल जेवढ्या लोकांसमोर बोलले तेवढ्यांना सेक्रेटरींनी बोलवावं.

चौथी सूचना काढणार नाही!